बेगमीचे धान्य : कमी खर्चात उभारता येणारा आपत्कालीन अन्नसाठा

महापूर, चक्रीवादळ, दरड कोसळून बंद पडलेला घाट, अचानक गेलेला रोजगार किंवा घरातील कर्त्या माणसाचे लांबलेले आजारपण, यांपैकी कोणताही प्रसंग ओढवला तरी काही दिवसांतच चुलीचा प्रश्न दाराशी येऊन ठेपतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरचा परिसर पुराने वेढला. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. या घटनांची कारणे निरनिराळी होती. परंतु विस्कळीत वाहतूक, दुकानांतील तुटवडा आणि हातातील रोख रकमेची चणचण यांचा अनुभव त्या प्रत्येक वेळी असंख्य कुटुंबांना आला.

अशा काळासाठी घरात धान्य राखून ठेवण्याला मराठीत ‘बेगमी’ हा नेमका शब्द आहे. बेगमीसाठी मोठे घर, मोठी रक्कम किंवा महागडे डबाबंद पदार्थ लागतात, हा समज बरोबर नाही. चार माणसांच्या कुटुंबाला महिनाभर पुरेल एवढा साठा नेहमीच्या किराणा खर्चात थोडीथोडी भर घालून वर्षभरात उभा करता येतो. तो टिकणे मात्र एका नियमावर अवलंबून असते. साठा कुलपात बंद करून विसरून जायचा नसतो, तो रोजच्या स्वयंपाकातून फिरता ठेवायचा असतो.

साठवणीची परंपरा

हा नियम नवा नाही. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त कोठाराच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना, साठ्याचा अर्धा भाग प्रजेवरील संकटासाठी राखावा, उरलेला अर्धा वापरावा आणि जुन्याच्या जागी नवा माल भरत जावा, असा दंडक घालून दिला आहे. उत्तर प्रदेशातील गोरखपूर जिल्ह्यात सोहगौरा येथे सापडलेल्या प्राचीन ताम्रपटातही टंचाईच्या काळात उपयोगी पडणाऱ्या कोठारांचा उल्लेख येतो. याउलट उदाहरण पाटण्याच्या गोलघराचे आहे. १७७० च्या भीषण दुष्काळानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत उभारण्यात आलेले हे प्रचंड घुमटाकार कोठार १७८६ मध्ये पूर्ण झाले, पण ते कधीही काठोकाठ भरले गेले नाही.

घरगुती साठवणीचे प्रकार मात्र प्रत्येक प्रदेशाने आपल्या हवामानानुसार घडविले. हिवाळ्यात खिंडी बर्फाने बंद होणाऱ्या लडाखमध्ये भाजलेल्या जवाचे पीठ, वाळविलेल्या भाज्या आणि जमिनीखालील खड्ड्यांत ठेवलेली कंदमुळे यांवर कुटुंबे वसंतापर्यंत गुजराण करीत आली. राजस्थानच्या वाळवंटी भागात केर आणि सांगरी वाळवून ठेवतात. कोकणात पावसाळ्यापूर्वी सुकी मासळी, कोकम, आंबोशी, सांडगे आणि पापड यांची जमवाजमव होते. गोव्यात या बेगमीला ‘पुरुमेंत’ म्हणतात आणि पावसाच्या तोंडावर मडगाव येथे त्याच नावाने ओळखले जाणारे फेस्त भरते.

दख्खनच्या पठारावर ज्वारीसाठी जमिनीत पेवे खोदली जात. पेवाचे तोंड लिंपून बंद केले की आतील प्राणवायू हळूहळू संपतो आणि कीड गुदमरून मरते. आजच्या हवाबंद पिशव्यांचे तत्त्व हेच आहे. पेवाचा शत्रू पाणी. सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती, परंतु २००५ च्या महापुराचे पाणी त्यांतील अनेक पेवांत शिरले. साठवणीची पद्धत कितीही उत्तम असली तरी जागा चुकली तर साठा हातचा जातो, हा त्यातून घ्यावयाचा बोध आहे.

किती साठा पुरेसा?

आपत्कालीन मदतकार्यात नियोजनासाठी माणशी दिवसाला २१०० किलोकॅलरी ऊर्जा देणारा आहार हे प्रमाण जगभर धरले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला सुमारे २११० आणि स्त्रीला सुमारे १६६० किलोकॅलरी लागतात. त्यामुळे २१०० हा आकडा धरला तर कुटुंबाचा हिशेब सुरक्षित राहतो.

ही गरज साध्या भारतीय जिनसांतून भागते. माणशी दररोज तांदूळ, गहू किंवा ज्वारी मिळून ४०० ग्रॅम, डाळ व कडधान्ये ८० ग्रॅम, खाद्यतेल ३० ग्रॅम, गूळ किंवा साखर ३० ग्रॅम आणि शेंगदाणे २० ग्रॅम यांतून सुमारे २१०० किलोकॅलरी मिळतात. चार माणसांच्या कुटुंबासाठी ३० दिवसांचा हिशेब पुढीलप्रमाणे होतो :

तृणधान्ये : ४८ किलो
डाळी व कडधान्ये : सुमारे १० किलो
खाद्यतेल : सुमारे ४ लिटर
गूळ किंवा साखर : सुमारे ४ किलो
शेंगदाणे : अडीच किलो
मीठ : १ किलो
यांखेरीज हळद, तिखट, जिरे-मोहरी, चहा, चिंच किंवा कोकम, लोणचे.

मसाले आणि आंबट पदार्थ यांना गौण समजू नये. सलग काही दिवस अळणी, एकसुरी जेवण समोर आले की मुले आणि वृद्ध पुरेसे खात नाहीत. भाज्यांचा अभाव भरून काढण्यासाठी मोड आणलेली कडधान्ये हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मूग, मटकी किंवा हरभऱ्याला मोड येताना त्यात क जीवनसत्त्व तयार होते. त्यासाठी स्वच्छ पाणी आणि ओले फडके एवढेच पुरते.

साठ्याचे तीन टप्पे

महिन्याचा साठा एकदम डोळ्यांसमोर ठेवला तर तो आवाक्याबाहेरचा वाटतो. म्हणून त्याचे तीन टप्पे पाडावेत.

पहिला टप्पा तीन दिवसांचा आणि चुलीविना खाता येईल अशा पदार्थांचा असावा. पूर किंवा वादळाच्या पहिल्या दिवसांत वीज, गॅस आणि पाणी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बंद पडू शकतात. अशा वेळी कोठीतील मणभर तांदळाचाही उपयोग होत नाही. पोहे, चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, खजूर, सातूचे पीठ, मेतकूट, बिस्किटे आणि दूध पावडर हे पदार्थ या टप्प्यात येतात. बिहारच्या पूरग्रस्त भागात सत्तू आणि पोहे-गूळ यांचा आधार पिढ्यानपिढ्या घेतला जातो. आसाममधील ‘बोका चाउल’ हा तांदूळ न शिजवता केवळ साध्या पाण्यात भिजवून खाता येतो. दही किंवा गुळाबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या या तांदळाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

दुसरा टप्पा पंधरा दिवसांचा. यात लवकर शिजणारे पदार्थ असावेत. मूगडाळ, मसूरडाळ, तांदूळ, रवा आणि शेवया यांना इंधन कमी लागते. तिसऱ्या टप्प्यात अखंड गहू, ज्वारी, तूरडाळ आणि कडधान्ये ठेवून साठा महिन्यापर्यंत न्यावा. पहिला टप्पा पूर्ण होईपर्यंत पुढच्याकडे वळू नये.

खर्चाचे गणित

४८ किलो तृणधान्ये वर्षभरात जमवायची तर महिन्याला ४ किलो पुरतात. डाळींसाठी महिन्याला एक किलोहून कमी आणि तेलासाठी तीन महिन्यांतून एक लिटर एवढीच जादा खरेदी करावी लागते. कर्ज काढून किंवा सणासाठी राखलेला पैसा मोडून साठा करण्याची गरज नाही. अफवा पसरून बाजारात झुंबड उडाली असेल तेव्हा तर खरेदी टाळावीच, कारण त्या काळात दर सर्वांत चढे आणि माल निकृष्ट असतो.

खरेदीचा हंगाम साधला तर बचत होते. तूर साधारणपणे जानेवारी ते मार्च, रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्च आणि गहू मार्च ते मे या काळात बाजारात येतो. खरीप भाताची आवक दिवाळीच्या सुमारास सुरू होते. त्या त्या वेळी तीन-चार शेजारी कुटुंबांनी मिळून पोते घेतले तर किरकोळ दरापेक्षा स्वस्त पडते. शिवाय एप्रिल-मे महिन्यांतील कडक ऊन नव्या गव्हाला लगेच देता येते.

ज्या कुटुंबांना जादा खरेदीही झेपत नाही, त्यांच्यासाठी मूठभर धान्य बाजूला काढण्याची पद्धत उपयोगी ठरते. मिझोरममध्ये स्वयंपाकाच्या वेळी तांदळाची एक मूठ चर्चसाठी वेगळी ठेवण्याची प्रथा शतकाहून अधिक काळ चालत आली आहे. तीच रीत घरच्या बेगमीसाठी वापरता येते. एका मुठीत साधारण ५० ग्रॅम धान्य मावते असे धरले, तर दिवसाला एका मुठीने वर्षअखेर १८ किलो धान्य साठते.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य गटातील लाभार्थ्याला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. वरील हिशेबाने एका माणसाची गरज महिन्याला १२ किलोची असल्याने प्राधान्य गटाला मिळणारे धान्य तिच्या निम्म्याहून कमी भरते. तरीही ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे परराज्यात गेलेल्या मजुरालाही आपला वाटा तेथील रास्त भाव दुकानातून उचलता येतो. म्हणून शिधापत्रिकेतील नावे आणि आधार जोडणी अद्ययावत ठेवणे हा बेगमीचाच भाग मानावा.

स्वस्त मिळते म्हणून काहीही भरू नये. लाखेची डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पायांना कायमचे लुळेपण येऊ शकते आणि दुष्काळाच्या काळात हा धोका वाढतो. घरातील माणसे एरवी जे खात नाहीत, ते साठ्यातही नसावे.

काय टिकते, काय टिकत नाही

अखंड धान्य टिकते, पीठ टिकत नाही, हे साठवणीचे मूलसूत्र आहे. धान्य दळले की त्यातील स्निग्धांश हवेच्या संपर्कात येऊन खवट होतो. बाजरीचे पीठ तर काही दिवसांतच कडवट होऊ लागते. म्हणून गहू आणि ज्वारी अखंड ठेवून पीठ दोन-तीन आठवड्यांपुरतेच दळावे. मात्र वीज बंद असताना गिरणीही बंद राहते, ही शक्यता धरून साठ्यात तांदळाचा वाटा मोठा असावा.

पांढरा तांदूळ कोरड्या, हवाबंद डब्यात दीर्घकाळ चांगला राहतो. हातसडीच्या तांदळात कोंड्याचे तेल असल्याने तो लवकर खवट होतो. उकड्या तांदळात पांढऱ्या तांदळापेक्षा ब जीवनसत्त्वे अधिक शिल्लक राहतात. अखंड मूग, चवळी, मटकी आणि हरभरा यांना भुंगा लवकर लागतो, डाळींना तुलनेने कमी. उष्ण व दमट जागी पडून राहिलेली जुनी कडधान्ये कितीही शिजवली तरी टणक राहतात, म्हणजेच इंधनही वाया जाते. साखर आणि मीठ कोरडे राहिले तर नासत नाहीत. गुळाला मात्र पावसाळ्यात पाणी सुटते, म्हणून दमट प्रदेशात गुळाबरोबर साखरही ठेवावी. तेलाची लहान, सीलबंद पाकिटे घ्यावीत आणि ती अंधाऱ्या जागी ठेवावीत.

ओल, कीड आणि विषारी उपाय

साठ्याचा मोठा शत्रू ओल आहे. तृणधान्यातील ओलावा १२ टक्क्यांहून कमी असावा. घरी तो ओळखण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला तर तो वाळलेला आहे. दबला तर ओला आहे. दुसरी रीत अशी : कोरड्या काचेच्या बाटलीत धान्य आणि चिमूटभर कोरडे मीठ घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्याला आणखी ऊन हवे.

ओलसर धान्यात वाढणारी बुरशी जिवावर बेतू शकते. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमावर्ती आदिवासी गावांत अवेळी पावसाने भिजलेला, बुरशी लागलेला मका खाल्ल्याने यकृताच्या विकाराची साथ पसरली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यामागे अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष होते. ते धुतल्याने किंवा शिजविल्याने जात नाही. बुरशी दिसणारे, कुबट वास येणारे धान्य किंवा शेंगदाणे पाखडून, निवडून वापरण्याचा मोह टाळावा आणि ते टाकून द्यावेत. गुरांनाही घालू नयेत.

धान्य दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून, पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरावे. गरम धान्य भरल्यास झाकणाला आतून पाणी सुटते. डबा काठोकाठ भरावा, कारण आत हवा जितकी कमी तितकी किडीची वाढ कमी. पत्र्याची कोठी, घट्ट झाकणाचे पिंप किंवा जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशव्या चालतात. पिशव्या उंदीर कुरतडतात, म्हणून त्या पिंपात ठेवाव्यात. डबे थेट फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवावेत.

वाळलेला कडुनिंबाचा पाला, बिब्बे, तूरडाळीला आणि गव्हाला एरंडेल तेलाचा हात हे उपाय मराठी घरांत चालत आले आहेत. चांगल्या वाळवणाला त्यांची जोड द्यावी. वाळवणाऐवजी केवळ त्यांवर विसंबू नये. पाऱ्याच्या गोळ्या धान्यात ठेवण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी, कारण पारा विषारी आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात कदापि आणू नयेत. ओलाव्याशी संपर्क येताच त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू बाहेर पडतो आणि बंद खोलीत झोपलेले संपूर्ण कुटुंब त्याला बळी पडू शकते. या गोळ्यांचा वापर गोदामांत प्रशिक्षित व्यक्तींनीच करावयाचा असतो.

पाणी, इंधन आणि विशेष गरजा

पिण्यासाठी आणि अन्न शिजविण्यासाठी माणशी दिवसाला किमान अडीच ते तीन लिटर पाणी लागते. चार माणसांना तीन दिवसांसाठी ३६ लिटर, म्हणजे घागरी-कळशा आणि वीस लिटरचे दोन कॅन भरून ठेवले तरी भागते. हे पाणी ठरावीक दिवसांनी बदलावे. पुरानंतर मिळालेले पाणी उकळून किंवा क्लोरिनच्या गोळ्या प्रमाणात टाकूनच प्यावे.

इंधनाची बचत म्हणजे साठ्यातच भर. डाळ-तांदूळ आधी भिजत घालावेत, कुकर वापरावा आणि उकळी आलेले भांडे जाड गोधडीत गुंडाळून ठेवावे. आतील उष्णतेने उरलेले शिजणे पूर्ण होते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नये, कारण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो.

तान्ह्या बाळाला आपत्तीतही स्तनपान चालू ठेवावे. दूषित पाण्यात कालवलेले पावडरचे दूध त्याच्यासाठी धोक्याचे असते. मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण आणि वृद्ध यांच्यासाठी औषधांचा जादा साठा आणि पचेल असे अन्न वेगळे लिहून ठेवावे. जलसंजीवनीची पाकिटे साठ्यात असावीतच.

पूरप्रवण वस्तीत तीन दिवसांचा साठा उचलून नेता येईल अशा एका पिशवीत आणि उर्वरित माळ्यावर किंवा उंच फळीवर असावा. पुराच्या पाण्याचा स्पर्श झालेले धान्य, पीठ, मसाले आणि उघडे पदार्थ वापरू नयेत, कारण त्या पाण्यात सांडपाणी व रसायने मिसळलेली असतात. एका खोलीच्या घरात पलंगाखाली चाकांच्या फळीवर ठेवलेली दोन पिंपेही महिन्याच्या धान्याचा मोठा भाग सामावून घेतात.

साठा फिरता ठेवणे

प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख लिहावी. नवा माल मागे ठेवावा, जुना पुढे ओढावा आणि स्वयंपाकाला जुनाच घ्यावा. जेवढे काढले तेवढे त्याच महिन्याच्या किराणात भरून टाकावे. अशा रीतीने साठ्यावरील खर्च एकदाच होतो. त्यानंतर केवळ तो भरता ठेवावा लागतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी, सर्व डबे उघडून वास, कीड आणि ओल तपासावी. तीन दिवसांच्या पिशवीतील पोहे, चुरमुरे आणि सातूचे पीठ दर दोन-तीन महिन्यांनी खाऊन संपवावे आणि नवे भरावे.

घरगुती वापरापुरता असा साठा करणे म्हणजे साठेबाजी नव्हे. जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ अन्वये वेळोवेळी लागू होणाऱ्या साठामर्यादा व्यापारी, गिरणीमालक आणि प्रक्रिया उद्योग यांच्यासाठी असतात. शांत काळात सावकाश केलेल्या खरेदीने बाजारावर ताणही येत नाही. उलट संकटाच्या दिवशी ज्या घरात बेगमी आहे, ते कुटुंब दुकानासमोरच्या रांगेत उभे राहत नाही आणि मदतीची पहिली पाकिटे ज्यांच्याकडे काहीच उरलेले नाही त्यांच्यापर्यंत पोहोचू शकतात.